शेजारच्या सीटचं वजन

"रबर, पॉली आणि हा लोखंडी गोळीचा," असं म्हणत मिस्त्रीने जीपच्या बॉनेटवर तीन बुश मांडले. "चाकाचा दांडा, म्हणजे आर्म, चासीला जोडतो तिथे धक्के सोसायला यातला एक बसतो. सगळा खेळ त्याच्यावर."

बाई गॅरेजच्या दाराशी बाकावर बसल्या होत्या. नवरा मात्र मिस्त्रीच्या खांद्याशी उभा राहून बारीक चौकशी करत होता. आल्यापासून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. घरून भांडून निघालेली जोडपी मिस्त्रीने ढिगाने पाहिली होती. अशा वेळी आपण मुकाट्याने बुशाविषयीच बोलावं, हा त्याचा नेम.

"दगडधोंड्यांत कोणता चांगला?" साहेबांनी विचारलं.

"गोळीचा कसाही फिरतो, पण रस्त्यातला खडा न् खडा कानात सांगतो. धूळ शिरली की खडखडतो. पॉली टणक प्लास्टिकचा, ग्रीस चुकलं की सासूसारखा कुरकुरतो. रबर बिचारं गप्प सोसतं."

"तिला आवाज सहन होत नाही," साहेब हळूच म्हणाले. "खट् झालं की स्टिअरिंग गच्च धरते."

"मग रबरच घालू," मिस्त्री म्हणाला.

"घाला," बाई म्हणाल्या. "दुपारी घाट उतरायचाय मला. तो आवाज तेवढा थांबवा."

शेजारच्या सीटचं दार इतर पत्र्यापेक्षा जरा फिकं होतं. मिस्त्रीने विचारलं, "दार बदललंत वाटतं?"

"पाच महिन्यांपूर्वी घाटात गाडी घसरली," बाई म्हणाल्या. " पत्र्याचं काम दुसरीकडे केलं."

मिस्त्री जीपखाली शिरला आणि त्या दाराच्या बाजूचा बोल्ट पाहून थबकला. नटावर पिवळ्या रंगाची तिरकी रेघ होती. माणसांचे चेहरे तो विसरायचा, पण स्वतःची खूण कशी विसरेल? आतलं रबर पिळून फाटलं होतं.

रबरी बुश आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. चाकं लटकती ठेवून आवळला, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं, रोज थोडं थोडं तुटतं, आणि एखाद्या वळणावर चाक दगा देतं. हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. आठ महिन्यांपूर्वी, घाईच्या दिवशी, त्याने चाकं लटकती असतानाच आवळला होता. शरमेने त्याचे कान तापले. नशीब, दोघं धडधाकट होते. त्याने पाना लावून बोल्ट सोडवायला घेतला.

साहेब वाकून आत पाहत होते. चिडलेले नव्हते, नुसते पाहत होते.

"या वेळी जमिनीवर घेऊन आवळा," ते म्हणाले. "तिच्यासाठी."

यांना कसं कळलं? मिस्त्रीने वर न बघताच मान हलवली. भर सकाळी गॅरेज एकाएकी गार वाटू लागलं.

नवा बुश बसला. बोल्ट सैल ठेवून त्याने जीप खाली घेतली आणि फिक्या दाराच्या बाजूला चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावला. बावन्न सेंटीमीटर.

"आता रोजच्यासारखे बसा. नेहमीच्या वजनावर आवळायचंय."

बाई स्टिअरिंगपाशी बसल्या. टेप साडेएक्कावन्नवर आला. साहेब शेजारी जाऊन बसले. दार मुळीच वाजलं नाही. काम बरं केलंय पत्रेवाल्याने, मिस्त्रीच्या मनात आलं.

साहेब चांगले थोराड होते, नव्वद किलो तरी सहज. टेप मात्र साडेएक्कावन्नवरच होता. त्याने पुन्हा लावला. जीप हाताने दाबून, हलवून पुन्हा पाहिलं. तेवढाच.

"जरा नीट टेकून बसा," तो म्हणाला. "शेजारचं वजन येत नाहीये."

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्या एकटीच्याच वजनावर आवळा, मिस्त्री. त्या घाटात हे गेल्यापासून शेजारी कोणी बसत नाही."