कुसळ

डॉक्टरांनी चिमटा भुऱ्याच्या कानातून बाहेर काढला आणि दिव्याखाली धरला. टोकाला एक कुसळ होतं, रक्तानं माखलेलं. भुऱ्याचं डोकं शेजारच्या प्रियंकानं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. त्याचं कण्हणं थांबलं.

सत्यभामाबाईंचा जीव भांड्यात पडला, पण तिथं टिकला नाही. सकाळी हाच कुत्रा मान तिरपी करून, कानातून रक्त गाळत अंगणात केकाटत होता, तेव्हा त्यांनी अख्ख्या मोहल्ल्यासमोर प्रियंकाला फैलावर घेतलं होतं. "माह्या भुऱ्याले गोटा काहून मारला वं?" आदल्या दिवशी तिनं त्याला वड्यांच्या वाळवणावरून हाकललं होतं, तेवढा पुरावा बाईंना पुरला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. प्रियंकानं स्कूटी बाहेर काढली आणि म्हणाली, "बसा काकू. आधी याले डॉक्टरकडे नेऊ."

"घर में सजावटवाली घास लगाई है क्या?" डॉक्टरांनी विचारलं. "लंबे तुर्रेवाली?"

लावली होती. फाटकाच्या दोन्ही बाजूंना, हौसेनं. कुत्र्याला चालेल ना, असं नर्सरीवाल्याला विचारूनच घेतली होती. "जहरीली नहीं है, अम्मा," तो म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं. खरं तर कुसळ ओळखायला बाईंना डॉक्टर कशाला हवा? लांजीकडच्या बांधांवर परकराची कुसळं वेचण्यात त्यांचं लहानपण गेलं होतं. पण कुंडीत बसून आलेलं गवत त्यांना गवत वाटलंच नाही, शोभा वाटली.

"नाई जी," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कुठचं गवत?"

प्रियंका रोज त्याच फाटकावरून ये-जा करायची. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नदीवर फिरते ना जी तो," ती डॉक्टरांना म्हणाली. "तिकडचंच असंल."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं इथं चार शब्द सुनावले असते तर ते सोसले असते, हे काही सोसवेना.

"फिर ठीक है," डॉक्टर हात धुवायला वळले. "नदी पे मत ले जाना. घर में खुला छोड दो." असं आणखी एक कुसळ आत गेलं तर कानाचा पडदा फाटेल, हेही त्यांनी पाठमोऱ्यानंच सांगितलं.

भुऱ्या टेबलावर उठून बसला आणि प्रियंकाचा हात चाटू लागला.

"घरी नाई सोडता येत, डॉक्टर," सत्यभामाबाई म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली. "ते गवत माह्याच फाटकात हाय. आन् हिनं गोटा नाई मारला."

डॉक्टरांनी नळ बंद केला.

"कौनसा गोटा?"