पुढच्या वर्षीचं रेटिंग

सगळे डाव जिंकूनही यामिनी दामलेंचं ऑनलाइन बुद्धिबळातलं रेटिंग रोज घसरत होतं आणि समोर अधिकाधिक कच्चे खेळाडू येत होते. चिडून त्यांनी कंपनीला फोन लावला.

"हा सरळसरळ अन्याय आहे!"

"नाही, मॅडम," तिकडची मुलगी चाचरत म्हणाली. "आमची यंत्रणा तुमच्या चालींवरून पुढच्या वर्षी तुमचा मेंदू कसा चालेल ते ओळखते. त्या तोलाचे खेळाडू आतापासूनच देते, म्हणजे नंतर हरण्याचा धक्का बसत नाही."

यामिनीताईंनी फोन ठेवला. पडद्यावर नवा प्रतिस्पर्धी आला होता. वय वर्षं पाच.

"आई, कुणाशी बोलत होतीस?" स्वयंपाकघरातून लेकीने विचारलं.

"कुणाशी नाही गं," त्या म्हणाल्या. मग प्यादं पुढे सरकवत त्या लेकीचं नाव मनात घोकू लागल्या. मृण्मयी. मृण्मयी.