दुसरी बॅटरी

मीटरचा आकडा शून्यावरून हललाच नाही.

कारभारी सोनवण्यांनी बोटीतली सगळी बटणं बंद असल्याची परत खात्री केली आणि मीटरच्या वायरी पुन्हा टेकवल्या. शून्यच. म्हणजे वीज कुठंही गळत नव्हती. तरीही बॅटरी मेलेली होती.

"सापडलं का काही?" काठावरून त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी विचारलं.

"डोंबल सापडलं!"

शहरात, उस्मानपुऱ्यात कारभारींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. आठवडाभर दुकान बघायचं आणि शनिवारी बिडकीनच्या पुढं, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या शेतावर यायचं, असा त्यांचा क्रम होता. मोसंबीची बाग वच्छलाबाई सांभाळायच्या. दोन खोल्या बांधून त्या तिथंच राहत होत्या. आणि काठाला बांधलेली ही बोट म्हणजे कारभारींची साठीतली हौस.

सुरुवातीला त्यांनी ट्रॅक्टरची एकच बॅटरी सगळ्याला जोडली होती. गळ टाकून, दिवा लावून, पाण्याचा तळ दाखवणारा स्क्रीन बघत निवांत बसले, आणि परतायच्या वेळी इंजिन चालू होईना. शेवटी सांडू भोयानं त्यांना आपल्या तराफ्याला बांधून ओढत आणलं. काठावरचे लोक पोट धरून हसले.

मग कारभारींनी नीट माहिती काढली. बोटीला दोन बॅटऱ्या लागतात. एक इंजिनाला जोराचा धक्का देऊन मोकळी होणारी. दुसरी हळूहळू, पण लांबपर्यंत पुरणारी. दुसरीवर दिवे, बोटीत साचलेलं पाणी उपसायचा पंप, तो स्क्रीन आणि पुढच्या टोकाची बिनआवाजाची छोटी मोटर चालते. दोघींच्या मधे स्विच, म्हणजे दुसरी संपली तरी पहिली शाबूत राहते. त्यांनी जाड तांब्याच्या वायरी ओढल्या, जागोजागी फ्यूज घातले, टर्मिनलना ग्रीस लावलं. बघत राहावं असं काम झालं होतं.

इंजिन एका दाबात चालू व्हायला लागलं. पण दुसरी बॅटरी मात्र रविवारी पूर्ण भरून ठेवावी, तर शनिवारी रिकामी.

त्यांनी वायरी बदलल्या. स्विच बदलला. बॅटरीसुद्धा बदलली. ती नवीही तशीच निघाल्यावर ती गाडीत घालून थेट दुकानदाराच्या काउंटरवर आदळली.

दुकानदारानं ती तपासली. "चाचा, बॅटरी एकदम अच्छी है. तुम कुछ तो चला रहे इसके ऊपर."

"अरे, मैं हफ्ताभर उधर रहताच नहीं! चलाएगा कौन?"

त्या शनिवारी त्यांनी सांडूला गाठलं. "खरं सांग, माझ्या बोटीतून मासे धरतोस ना?"

"मला वल्हं बस हाय, अण्णा. तुमच्या मशिनीला मी कशाला हात लावू?" सांडू म्हणाला आणि जाळ्यातलं शेवाळ काढत राहिला.

बायकोचा तर प्रश्नच नव्हता. बोट आली त्या दिवशी नारळ फोडून कारभारींनी केवढी मिनतवारी केली होती. "मला त्या पाण्यावर नका नेऊ," एवढंच वच्छलाबाई म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या. माहेर सोयगावचं, डोंगराकडचं. पाण्याचं भ्या असणारच, असं म्हणून कारभारींनी पुन्हा विषय काढला नाही.

"हिच्याहून मोठी बॅटरी येत नाय का?" आता त्या विचारत होत्या. "जास्त टिकणारी?"

"तुला काय करायचंय? तू बसणार हायेस का हिच्यात?"

वच्छलाबाईंनी खाली पडलेली पक्कड उचलून त्यांच्या हातात दिली आणि त्या बागेकडं वळल्या.

पुण्याहून मुलाचा, गोकुळचा फोन आला. "बाबा, किती जीव जाळताय? विकून टाका ना."

"विकतोच," कारभारी म्हणाले. गिऱ्हाईकही मिळालं. पण आपल्याला एक साधा बिघाड सापडला नाही, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. बोट जायच्या आधी तेवढं तरी कळायला हवं होतं. आठवड्याच्या मधल्याच वारी, भर दुपारी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि न सांगता शेत गाठलं.

घराला कडी होती. काठावर बोट नव्हती.

"सांडू! ए सांडू! बोट चोरली कुणीतरी!"

सांडू धावला नाही. त्यानं शांतपणे तराफा सोडला. "बसा," तो म्हणाला.

बोट लांब, पाण्याच्या मधोमध उभी होती. इंजिनाचा आवाज नव्हता. जवळ जाताना कारभारींनी ओरडायला छाती भरून घेतली, आणि ती तशीच राहिली. आत हिरवं लुगडं दिसत होतं.

वच्छलाबाईंचा एक हात छोट्या मोटरच्या दांडीवर होता. वाऱ्यानं बोट जराशी सरकली की त्या तिला अलगद मूळ जागेवर आणत होत्या. दुसऱ्या हातानं त्यांनी स्क्रीनवर पदराची सावली धरली होती.

"वच्छला! अगं, इकडं मी डोकं फोडून घेतोय आणि तू..." कारभारींनी कडा धरून एक पाय बोटीत टाकला.

वच्छलाबाईंनी वर पाहिलं नाही. स्क्रीनवर, सपाट तळातून एक दगडी जोतं चौकोनी उठून दिसत होतं. त्याच्या शेजारी विहिरीचा गोल खड्डा.

"सोयगावला आम्ही मागून गेलो," त्या हळूच म्हणाल्या. "धरणाचं पाणी चढल्यावर."

कारभारी एक पाय तराफ्यावर, एक बोटीत, तसेच उभे राहिले.

"चपला काढा आधी," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमच्या अंगणात आलाय तुम्ही."