फुगलेला बॅकअप

"सर, जुना फुल बॅकअप उडवू नका. मला थोडा वेळ द्या," मुंगळा म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता खुर्ची ओढून बसली.

मुंगळा हे नाव सरांनीच ठेवलेलं. ते रुग्णालयाच्या संगणक विभागाचे प्रमुख, आणि ही त्यांच्या हाताखालची इंजिनिअर. एकदा बिघाडाला चिकटली की डोकं तुटलं तरी सुटायची नाही, म्हणून मुंगळा. पोरगीही ते नाव मोठ्या तोऱ्यात मिरवायची.

बिघाड तसा रोजच्यातला. एका थोरल्या सर्व्हरच्या पोटात रुग्णालयाची सगळी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातले संगणक, नांदत होती. औषधांचं वेगळं, बिलांचं वेगळं, एक्स-रेंचं वेगळं. महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येकाचा फुल बॅकअप व्हायचा आणि मग रोज नुसता डिफरन्शियल, म्हणजे फुल बॅकअपनंतर जेवढं बदललं तेवढंच. तो एरवी किरकोळ असायचा. पण एक्स-रेच्या मशीनचा डिफरन्शियल फुगून जवळजवळ फुल बॅकअपएवढा झाला होता. सगळी जागा त्यानंच खाल्ली आणि बाकीच्या मशीनचे बॅकअप अर्धवट अडकून पडले.

सरांचा उपाय सरळ होता. जुना फुल बॅकअप पुसायचा, नवा घ्यायचा, की डिफरन्शियल आपोआप रोडावतो. कुणाही जाणत्यानं हेच सांगितलं असतं.

त्यांना घाई का होती, तेही विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी चौकशी समिती बसणार होती. एका रुग्णाच्या मुलीची तक्रार होती, की वडिलांच्या फुफ्फुसावरचा डाग पहिल्याच एक्स-रेत दिसत असणार आणि तो डॉक्टरीणबाईंच्या नजरेतून सुटला. या डॉक्टरीणबाई म्हणजे सरांची बायको. मशीनवरच्या एक्स-रेत तर डागाचा मागमूस नव्हता. समितीनं तो पाहिला की बाईंच्या मागचं शुक्लकाष्ठ सुटणार होतं. पण असे अडकलेले बॅकअप कधीकधी अख्खं मशीन आडवं करतात. मग समितीला दाखवणार काय?

"जागा मोकळी करू आणि सुटू एकदाचे," सर म्हणाले.

"फुगला कशानं ते न कळताच? एरवी तुम्हीच मला झापलं असतंत."

आधी कारण शोध, मग औषध दे, हे त्यांनीच तिच्या डोक्यात भरवलेलं. ते तिच्या मागं उभे राहिले.

तिनं पहिला संशय बॅकअपच्या प्रोग्रॅमवरच घेतला. वीज अचानक गेली की कधीकधी त्याचा गोंधळ उडतो आणि न बदललेलंही तो बदललेलं धरतो. तो चोख निघाला. मग व्हायरस पाहिला, तोही नव्हता. डिस्कची आवराआवर करणारा एखादा प्रोग्रॅम गुपचूप चालतोय का ते पाहिलं, तसंही काही नव्हतं. दुसरं कुणी वैतागलं असतं. ही मात्र प्रत्येक नकारागणिक खुलत चालली होती. सर सारखे घड्याळाकडे बघत होते, तरी त्यांच्या मनातून वाहवा निघत होती. इतकी माणसं हाताखालून गेली, पण ही चीजच वेगळी. हिच्या वयात आपण एवढे चांगले होतो का, असं त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. नव्हतो.

मग तिनं जुन्या फुल बॅकअपवरून एक्स-रेचं दुसरं मशीन उभं केलं, त्याचं नेटवर्क तोडलं, आणि दोन्हीकडचे एक्स-रे एकमेकांशी ताडून पाहणारा छोटासा प्रोग्रॅम लिहून सोडून दिला. स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या. सर पाणी प्यायले.

"गंमत बघा सर. सगळेच्या सगळे एक्स-रे कुणीतरी नव्यानं सेव्ह करून ठेवलेत. होते तसेच. बॅकअपला बिचाऱ्याला वाटलं, सगळंच बदललं."

"असं कोण कशाला करेल?"

"एकच बदलायचा असेल तर करेल. एकट्याचीच तारीख ताजी दिसली असती तर डोळ्यात भरली असती. म्हणून सगळ्यांनाच ताजी तारीख दिली. बॅकअप फुगणार हे त्याला कळलं असेलच, पण महिना संपला की नवा फुल होतो, तोवर कोण बघतंय? डोकेबाज माणूस आहे."

तेवढ्यात ओळी थांबल्या. एकच एक्स-रे दोन्हीकडे जुळत नव्हता. तिनं दोन्ही शेजारी शेजारी उघडले. आजचा स्वच्छ होता. जुन्यात उजव्या फुफ्फुसावर डाग होता, चांगला ठसठशीत. खाली नाव होतं ते तक्रार करणाऱ्या मुलीच्या वडिलांचं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. सरांकडे न बघताच ती म्हणाली, की मॅडमचं वाईट वाटतं, पण हे समितीला दाखवावंच लागेल. सर म्हणाले, दाखवायलाच हवं. यात कुचराई केली असतीस तर मला तुझी लाज वाटली असती.

ती तरी उठेना. हात मांडीवर घट्ट धरून बसली.

"त्या मशीनचा पासवर्ड दोघांकडेच आहे, सर. तुमच्याबद्दल कुणी स्वप्नातही असा विचार करणार नाही. म्हणजे राहिले मी. ही ताजी तारीख पडली त्या दिवशी मी रजेवर होते, पण घरूनही शिरता येतंच की. माझं कोण ऐकून घेणार?"

तिचे डोळे भरून आले होते. सरांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. दोन्ही एक्स-रे समोर उघडेच होते. तिच्याएवढं नेटकं काम त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं, आणि ते तिला तसं म्हणालेही.

"आणि तुझं ऐकतील," ते पुढं म्हणाले. "तुझा पासवर्ड त्या दिवशी बंद होता. एक्स-रेला हात लावण्याआधी मीच तो बंद केला होता, तुझ्यावर आळ यायला नको म्हणून."