वामनरावांच्या जीपमधली खरखर

"ऐक, तूच ऐक आता!" वामनरावांनी जीप दुकानाच्या दारातच थांबवली आणि टेपचा आवाज वाढवला. "हे गानं होय का कोनी पत्रा घासून राह्यलं? वाटभर डोकं भणभणते माहं!"

इसरूने कपाळावर हात मारला. गडचिरोलीच्या बाजारात रेडिओ-टेप दुरुस्त करणारा तो एकटाच नव्हता, पण वामनरावांनी छळायला त्यालाच निवडलं होतं. या जीपच्या टेपचं हेड त्याने स्पिरिटने पुसलं होतं, वायरी बदलल्या होत्या, स्पीकर तर दोनदा नवा घातला होता. दुकानातून निघताना आवाज कसा झकास. धानोऱ्याला जाऊन परत आला की पुन्हा खरखर.

इसरूने डॅशबोर्डखाली डोकं घातलं. स्पीकर डाव्या बाजूला होता, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी.

"पुन्हा आतला कागदी पडदा फाटला, भाऊ. उंदीर असंल."

"धानोऱ्यातल्या साऱ्या उंदराईले माहीच जीप भेटली काय?"

वामनराव चिडणार नाहीत तर काय करतील? शेत विकून त्यांनी ही जुनी जीप घेतली होती, धानोरा ते गडचिरोली प्रवासी नेण्यासाठी. आणि त्यांची जीप रिकामी उभी असताना माणसं सुकलूच्या जीपसाठी झाडाखाली ताटकळत बसायची. कारण एकच, सुकलूचा टेप गोड वाजायचा. असंच चाललं तर पावसाळ्याआधी जीप विकावी लागणार होती.

मागच्या दिवाळीपासून त्यांचे ग्रहच फिरले होते. जंगलातल्या वळणावर गाय आडवी आली आणि जीप सागाच्या झाडावर आदळली. डावा दिवा फुटला, शेजारी बसलेल्या बायकोच्या, मनकर्णाच्या कपाळाला खोक पडली. गाय कशी झुडपातून उडी मारून आली ते वामनराव अजून रंगवून सांगत, आणि मनकर्णा मुकाट्याने मान हलवी.

खोक भरली तशी ही बाई डिंक विकायला म्हणून रोज जीपमध्ये येऊन बसू लागली. जिला गाडी लागते, जी वाटभर नाकाशी लिंबू धरून बसते, तिने रोज यावं कशाला? बरं, यावं तर गप्प बसावं. तेही नाही. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेरी गेली, प्रश्नावर प्रश्न. उत्तर दिलं नाही की कोपर मारायची. वर दुपारचा भातसुद्धा बंद केला होता. धानाच्या मुलखातला माणूस, आणि दुपारी दोन भाकरी आणि कडक चहा! वामनराव पार विटून गेले होते. एका कानाशी टेपची खरखर, दुसऱ्या कानाशी हिची टकळी.

"आता पाहा," इसरूने नवा स्पीकर बसवला आणि त्यावर जाड लोखंडी जाळी स्क्रूंनी आवळली. "उंदीर सोडा भाऊ, सुई बी जात नाई आत. आता खरखरला तं मी दुकान बंद करतो."

मनकर्णा सीटवरून बघत होती. तिने अंबाड्यातला आकडा काढला आणि पुन्हा खोचला.

"जाळीनं आवाज दबंल ना, इसरूभाऊ?"

"उलट खुलंल, बाई."

आणि खरंच खुलला. बाजारातून जाणारी माणसं थबकली. धानोऱ्याची माणसं एकेक करून जीपमध्ये चढली. सुकलूच्या जीपमधले दोघे उतरून इकडे आले, तेव्हा तर वामनरावांना इतका आनंद झाला की त्यांनी समोरच्या खानावळीत बसून ताटभर वरण-भात ओढला. मनकर्णा दारातून "डब्यात भाकर आहे ना!" म्हणत राहिली. ऐकतंय कोण?

ते ढेकर देत परत आले तोवर जीप गच्च भरली होती. समोरच्या सीटवर दोन मास्तर बसले होते.

"तू सुकलूच्या जीपनं ये," वामनराव बायकोला म्हणाले.

"मले समोर बसू द्या. कोपऱ्यात बसून राहीन."

"जागा कुठी आहे?"

"मंग चाय तरी घ्या. कडक."

"चाय नाई अन् काई नाई."

मनकर्णा जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मंग टेप तरी बंद ठेवा."

वामनराव तिच्याकडे बघतच राहिले. "डोकं फिरलं काय तुहं? आज कुठी मानसं आली माह्या जीपमंदी, अन् टेप बंद ठेवू?"

मागे कोणीतरी हसलं. "बाईले भाऊले एकटं सोडवत नाई!"

मनकर्णाने तोंड उघडलं, भरलेल्या जीपकडे पाहिलं आणि मिटलं. जीप निघाली. आत एक संथ, जुनं गाणं वाजत होतं, अगदी गोड.

इसरूने हुश्श केलं आणि हात पुसले. सुटलो एकदाचा, असं त्याला झालं. मग त्याचं लक्ष गेलं. मनकर्णा अजून रस्त्यातच उभी होती. अंबाडा सुटून पाठीवर आला होता, आकडा हातात होता. आकड्याच्या टोकाला काळ्या कागदाचा कपटा अडकला होता. स्पीकरचा पडदा इसरू ओळखणार नाही तर कोण ओळखणार!

"बाई! तुमी?" तो ओरडलाच. "काऊन असं? भाऊचा धंदा बुडवून राह्यल्या तुमी!"

मनकर्णाची नजर दूर जाणाऱ्या धुळीवरून हलली नाही.

"सुकलूले म्हना, आत्ताच काढ जीप, यांच्या मागं पळव," ती म्हणाली. "त्या दिवशी रस्त्यात गाय नव्हती, इसरूभाऊ. चालवता चालवता यांचा डोळा लागला होता."