निव्वळ झाडपाला

मढच्या तळ्यात गिल्बर्टचे रोहू पोट वर करून तरंगत होते. माशांच्या उवा जाव्यात म्हणून तळ्यात कडुनिंबाचा अर्क ओतायला सांगितलं होतं ते त्याच्या मुलुंडच्या मित्राने, विद्याधरने. कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्याच्या जोरावर.

“अर्काने नाही रे मेले,” विद्याधर ठासून म्हणाला. “निव्वळ झाडपाला तो! माणसाने प्यायला तरी काही होत नाही.”

“मग प्रश्नच मिटला.” गिल्बर्टने शांतपणे फाटकाला कुलूप घातलं. “आज जेवायला इथंच थांब. एमिलिया, यातलेच चार साफ कर गं.”

विद्याधरने खावं तर जिवाची धास्ती, नाही म्हणावं तर तीस वर्षांची अक्कल तळ्यात बुडाली. एरवी बायकोला, सुनंदाला, आठवण करून द्यावी लागणारी तिथी त्याला तेवढ्यात आपणहून आठवली.

“अरे, आज संकष्टी! माझा कडक उपवास आहे.”

गिल्बर्टच्या बायकोने, एमिलियाने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.



“सुनंदाचा सकाळीच फोन आला होता ना, भावजी. तुमचा साबुदाणा केव्हाच भिजवलाय. तळ्याच्या पाण्यात.”