विहीणबाईंची टोपी

विहीणबाईंनी बाळासाठी खुंट्या असलेल्या प्लॅस्टिकच्या गोल लूमवर बघता बघता टोपी विणली, आणि माईंच्या लेकीला फोनवर तिचं कौतुक किती करू नि किती नको असं झालं. माईंनी सुयांवर डोळे फोडून विणलेला स्वेटर मात्र "हो, तोही छान आहे गं" एवढ्यावर उरकला. माईंच्या पोटात असं दुखलं, की दुसऱ्याच दिवशी त्यांनी गुपचूप लूमच्या विणकामाच्या क्लासला नाव घातलं.

"प्रत्येक खुंटीला लोकरीचे दोन वेढे द्यायचे आणि खालचा वेढा आकड्याने उचलून वरच्यावरून मागे टाकायचा. झाला टाका!" क्लासच्या बाईंनी दाखवलं.

"एवढंच?" माईंनी नाक मुरडलं. "मग मी गोंड्याची करते. बघूच कोणाची टोपी बाळाच्या डोक्यावर बसते ते!"

लोकर संपली तशी त्या शेजारच्या खोलीत मागायला गेल्या. तिथे सुयांचा वर्ग चालू होता.



पहिल्याच खुर्चीत विहीणबाई गुंता सोडवत रडवेल्या होऊन म्हणत होत्या, "काहीही करा, पण मला आमच्या विहीणबाईंसारखा स्वेटर आलाच पाहिजे. टोपी काय हो, कुणीही विणेल!"